झडीतली पाठ: घोंगडी ते रेनकोट

शिरड शहापूरच्या शिवारात सरीचं कुणी फार मनावर घेत नाही. सर आली तर गोठ्याच्या आडोशाला थांबता येतं. त्रास देते ती झड. दोन-तीन दिवस ती लागली तरी वैरण आणावीच लागते, गुरं बघावी लागतात, हळदीच्या सरीत तुंबलेल्या पाण्याला वाट करून द्यावी लागते. अशा झडीत गेल्या दोन-तीन पिढ्यांनी पाठीवर काय काय घेतलं ते ओळीनं पाहिलं, की दिसतं: पाणी अडवण्यात आपण पुढे गेलो, घामाची सोय मात्र मागेच राहिली.

पहिला मान घोंगडीचा. दख्खनी मेंढीची राठ लोकर आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेलं सूत. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेते, तरी अंगाला गार लागत नाही. पण पुरती भिजली की ओझं होते आणि लवकर वाळत नाही. म्हणून तिची निगा राखली जायची: झटकून, पसरून वाळवायची आणि उन्हाळ्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची.

घोंगडी ज्याला परवडत नसे, त्याला पोतं होतं. तागाच्या पोत्याचा खालचा एक कोपरा आत ढकलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवला, की खोळ तयार. डोकं आणि पाठ झाकली जायची, दोन्ही हात मोकळे राहायचे. पोतं भिजायचं, पण वाऱ्याचा मारा झेलायचं. पुढे खताच्या गोण्या प्लास्टिकच्या झाल्या, तशी खोळही प्लास्टिकची झाली. विणीतून पाणी झिरपायचं, म्हणून निंदणाऱ्या बायकांनी नुसता प्लास्टिकचा कागदच डोक्यावरून घेतला. कोकणातल्या भातलावणीत पानांचं इरलं हेच काम करायचं, आणि त्यात एक शहाणपण होतं. ते अंगाला चिकटत नसे, खालून वारा खेळत राही.

रबरी कोटाची गोष्ट दूरची. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर बसवण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशीच्या भावनेतून कलकत्त्याला तो धंदा उभा केला आणि ‘डकबॅक’ हे नाव घरोघरी गेलं. गावाकडे मात्र असा कोट बहुधा सरकारी नोकराच्याच अंगावर दिसे. शेतकऱ्याच्या घरात रेनकोट आला तो मोटारसायकलच्या मागोमाग. १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, हिंगोली-वसमतच्या खेपा वाढल्या आणि डिकीत कोट-पँटचा जोड आला. तोच जोड मग शेतातही गेला.

गडबड झाली ती इथेच. गाडीवर माणूस बसून असतो, शेतात तो वाकतो, उचलतो, घामाघूम होतो. पीव्हीसीचा जाड कोट एक थेंब आत येऊ देत नाही आणि घामही बाहेर जाऊ देत नाही. तासाभरात सदरा आतूनच ओला होतो आणि कोट गळतो म्हणून नावं ठेवली जातात. वाफ बाहेर सोडणारी कापडं १९७० च्या दशकापासून जगात मिळतात, पण ती महाग, आणि चिखलाने माखली की त्यांचा गुण उतरतो. आपल्या कामाला आतून लेप दिलेलं हलकं पॉलिस्टर बरं. काखेत किंवा पाठीवर झडपेखाली वारा जायला जागा हवी आणि माप एक नंबर मोठं असावं.

दुकानात कोट उलटा करून शिवण बघावी. सुई गेली तिथे भोकं पडतात, त्यावर आतून पट्टी चिकटवलेली हवी. खांदा आणि काख इथली पट्टी नखाने जराशी उचलून पाहावी. सहज सुटली तर कोट तसाच ठेवून द्यावा. चेनवर झाकणपट्टी नसेल तर छाती भिजणारच.

निगा फारशी लागत नाही. ओला कोट डिकीत कोंबला की बुरशी धरते, घडीवर लेप तडकतो. चिखल साध्या पाण्याने धुवावा, सावलीत टांगून वाळवावा, इस्त्री लावू नये. दसऱ्यानंतर सैल गुंडाळी करून ठेवावा. फवारणीला हा कोट घालू नये. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या कामाचे कपडे वेगळे, धुणंही वेगळं.

या सगळ्या मागोव्यात एक हिशेब बाकी राहतो. पावसात सर्वात जास्त वेळ वाकून काम करते ती निंदणारी बाई. गाडीसाठी शिवलेला जोड लुगड्यावर बसत नाही, लांब कोट वाकताना चिखलात लोळतो. तिला गुडघ्याच्या वर संपणारा, पाठीला रुंद, बाह्या मोकळ्या असलेला कोट हवा. असा कोट शिवणं अवघड नाही, पण दुकानदाराकडे तो कुणी मागत नाही, कारण पैसे मोजणारा गाडीवरून आलेला असतो. यंदा जोड घ्यायला जाताना दुसरं माप तिचं न्यावं.