दोन मानपाडे आणि एक कात्री
लेखमाला : जनुकांच्या गावात – भाग ७

आमच्याकडे पत्ता सांगताना एक जादा वाक्य जोडावंच लागतं : ‘मानपाडा, पण ठाण्याचा नव्हे.’ एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा आमचा, डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा. माझं कुरिअर दोनदा तिकडे जाऊन आलंय. आजचा विषय नेमका हाच आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं आहेत आणि त्यात हव्या त्याच दारावर टकटक करायची आहे.

हे जमू शकतं, असं १९८५ साली ऑलिव्हर स्मिथीज यांनी दाखवलं. त्यांनी डीएनएचा एक तुकडा तयार केला. त्याचा मजकूर मूळ जनुकाशी जुळता ठेवला आणि तो माणसाच्या पेशींत सोडला. पेशीची स्वतःची दुरुस्ती-यंत्रणा जुळता मजकूर पाहून तो तुकडा बरोबर जागी बसवते. पण तुकडा स्वीकारलेल्या पेशींपैकी हजारात एखादीतच. उंदरांमध्ये ठरावीक जनुक बंद करून त्याचं काम ओळखण्याची पद्धत याच वाटेने आली आणि २००७ चं नोबेल कापेकी, इव्हान्स व स्मिथीज यांना मिळालं. स्मिथीज यांनी १९८५ मध्ये निवडलेलं जनुक होतं बीटा-ग्लोबिन. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग घडवणारं हे जनुक बिघडलं की थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार होऊ शकतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत थॅलेसेमिया असलेला एक पाचवीतला मुलगा आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याला टेकून थांबतो, त्यावरूनच आईला कळतं. पिशवी रिकामी व्हायला तीन-चार तास. प्रत्येक पिशवीतून सुमारे दोनशे मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात साचतं. म्हणून रोज सकाळी पाण्यात विरघळवलेली गोळी. ग्लासाच्या तळाशी राहिलेला चुरा परत पाणी घालून प्यायचा, एक कणही वाया घालवायचा नाही.

थॅलेसेमिया म्हटलं की कल्याणपलीकडचं उल्हासनगर आठवतं. हे नाव १९४९ चं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांचं ते शहर. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. बीटा-ग्लोबिनमधली ६१९ अक्षरं गळून पडणं हा त्यांच्यातला एक नेहमीचा बिघाड. पण हा आजार कुणा एका समाजाचा नाही, आणि ‘त्यांच्यातला’ म्हणून बाजूला सारण्यासारखा तर मुळीच नाही.

आता डीएनए कापणाऱ्या कात्रीकडे येऊ. २०१२ मध्ये शार्पांतिये आणि डाउडना यांनी जिवाणूंच्या संरक्षण यंत्रणेतून क्रिस्पर-कॅस ९ हे साधन घडवलं. त्यात वीस अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए म्हणजे पत्ता. कॅस ९ आधी डीएनएवर एक ठरावीक छोटी खूण शोधतं. ती सापडली तरच शेजारची वीस अक्षरं ताडून पाहतं आणि जुळली तर कापतं. खूण म्हणजे पिनकोड, वीस अक्षरं म्हणजे घराचं नाव. तरीही जवळपास तसाच मजकूर दुसरीकडे असला तर कात्री ठाण्याच्या मानपाड्याला जाऊ शकते. संशोधकांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते.

या साधनावर उभं राहिलेलं पहिलं मान्यताप्राप्त औषध कॅसजेव्ही, थॅलेसेमियावरही चालणारं. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली. मला त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की ते बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते बनवणारं जनुक जन्मानंतर बंद होतं आणि ते बंद करण्यात बीसीएल-११-ए या जनुकाचा मोठा हात असतो. शास्त्रज्ञांनी त्या जनुकाचं फक्त तांबड्या रक्तपेशींसाठीचं बटण कापलं. इतर पेशींत ते जनुक लागतं, म्हणून तिथे त्याला धक्का नाही. कुलूप निघालं आणि बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागलं. थॅलेसेमियाच्या चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जणांना वर्षभर बाहेरचं रक्त लागलं नाही.

वाट सोपी नाही. रुग्णाच्या मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत कापतात. मग जबर केमोथेरपीने हाडांतला जुना मगज रिकामा करतात आणि कापलेल्या पेशी परत सोडतात. या केमोने पुढे मूल होण्याची शक्यता कमी होऊ शकते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. त्या मुलाच्या आईने मला विचारलं, “भाऊ, हे आपल्याकडे कधी येणार?” मी तिला तारीख सांगू शकलो नाही.

सांगण्यासारखं मात्र होतं. बीटा-ग्लोबिनच्याच बिघाडातून होणाऱ्या सिकलसेलसाठी दिल्लीच्या सीएसआयआर संस्थेने ‘बिरसा १०१’ ही क्रिस्पर उपचारपद्धती घडवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची घोषणा झाली, तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांना तिची खरी गरज आहे. असे उपचार हाती येईपर्यंत, थॅलेसेमियाचे वाहक ओळखण्यासाठी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन ए-टू तपासून घ्या. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला काही जाणवत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणी आजारी बाळाची शक्यता चारात एक.

किंमत खाली येऊ शकते याचा दाखला पवई आणि खारघरमध्ये आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या मंडळींनी रुग्णाच्याच पेशींत नवं जनुक घालून कर्करोगावर उपचार उभा केला. त्याबद्दल पुढच्या भागात.