पंपाचा आवाज नीट ऐका

वाशीम, रिसोड, कारंजा इथले लग्नाचे व्हिडिओ जुळवून देणारे स्टुडिओ ऐन एप्रिल-मे महिन्यांत रात्रीचा दिवस करतात. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे आणि आत संगणकाचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबत असतो. अशा कामासाठी काही जण आता पाण्याने थंड होणारा संगणक बांधून घेतात. त्या दिवसांत खिडकीतल्या कूलरच्या घोंघाटात संगणकाच्या पंपाचा आवाज कुणाच्या कानी पडत नाही. कूलर बंद झाला, थंडीतली शांत रात्र आली, की कॅबिनेटमधून भुणभुण किंवा खळखळ ऐकू येऊ लागते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. त्या आवाजाकडे काणाडोळा करू नये, पण घाईने नवा संचही मागवू नये. आवाज नेमका कसला आहे हे ओळखता आले, तर पुष्कळदा एक पैसाही खर्च न होता तो जातो.

रचना साधी आहे. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवतात. त्यातून फिरणारे पाणी उष्णता उचलते, नळ्यांमधून रेडिएटरकडे जाते, तिथे पंखे त्याला निववतात आणि ते परत येते. हे पाणी फिरवणारा पंप काडेपेटीएवढ्या जागेत मावेल असा असतो. तयार, सीलबंद संचांत तो बहुधा त्या ठोकळ्याच्या डोक्यावरच बसवलेला असतो. त्याच्या बेअरिंगला तेल-ग्रीस काही नाही. आत फिरणारे पाणी हेच त्याचे वंगण.

म्हणूनच पंपात हवा शिरली की तो बोलू लागतो. ज्याच्या शेतात विहिरीवर मोटर आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही: फुटव्हॉल्व्ह उघडा पडून मोटरने हवा धरली, की तिचा सूर लगेच बदलतो. संगणकात तसेच होते. संच सीलबंद असला तरी रबरी नळ्यांच्या अंगातून पाण्याचा अंश वर्षानुवर्षे अगदी हळू बाहेर पडत राहतो. उष्णता जास्त तेवढी ही गळती जास्त, आणि आपल्याकडचा उन्हाळा तिला हातभारच लावतो. कमी झालेल्या पाण्याची जागा हवा घेते. ही हवा सगळ्यांत उंच ठिकाणी जाऊन बसते. ते ठिकाण पंप असेल तर खळखळ, गुळगुळ सुरू होते आणि बेअरिंग कोरडे पडू लागते.

यावरचा उपाय रेडिएटरच्या जागेत आहे. तो कॅबिनेटच्या छताला बसवला तर उत्तम, कारण हवा त्यात वर अडकून राहते आणि पंप भरलेला राहतो. पुढच्या बाजूला बसवायचा असेल तर त्याचा वरचा काठ पंपापेक्षा उंच हवा, आणि जमल्यास नळ्या खालच्या अंगाला याव्यात. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला आणि पंप वर, ही मांडणी सगळ्यांत वाईट. जोडणी करणारा घाईत असला की नेमके हेच होते, तेव्हा संगणक ताब्यात घेतानाच झाकण काढून बघावे. अडकलेली हवा सोडवायची असेल तर संगणक बंद करून वायर काढावी, कॅबिनेट सावकाश चारही बाजूंना कलते करावे, रेडिएटरवर बोटांनी हलके टकटक करावे आणि मग सुरू करावे. सुरू करताना काही सेकंद खळखळ झाली तर ती चालते. ती थांबतच नसेल तर जागा बदलायलाच हवी.

दुसरा आवाज म्हणजे एकसुरी भुणभुण. ती वेगाची असते. पंप सतत पूर्ण वेगाने पळवलाच पाहिजे असे अनेकांना वाटते, पण हिशोब वेगळे सांगतो. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. प्रोसेसर १५० वॅट उष्णता टाकत असेल आणि मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर पाण्याचे तापमान एका फेरीत जेमतेम दोन अंशांनी वाढते. प्रवाह निम्मा केला तरी ही वाढ चार-साडेचार अंशच. म्हणजे बायोसमध्ये जाऊन पंपाचा वेग पाऊण पटीवर आणला तर प्रोसेसरला फारसा फरक पडत नाही, कानाला मात्र खूप पडतो. पंप पीडब्ल्यूएमवर चालणारा असेल तरच असे करावे. तसा नसलेल्या पंपाला पूर्ण १२ व्होल्ट देणेच बरे. पंपाची वायर पंख्याच्या जागी खोचली असेल तर मदरबोर्ड दर क्षणाला त्याचा वेग वरखाली करत राहतो आणि आवाज हेलकावे खातो. मदरबोर्डवर पंपासाठी वेगळी जागा असेल तर ती वापरावी आणि वेग एकाच आकड्यावर स्थिर ठेवावा.

कधी पंप निर्दोष असतो आणि कॅबिनेटचा पत्रा थरथरत असतो. पत्र्यावर तळहात दाबून धरा. आवाज बदलला तर रबरी वॉशर, किंवा वेगात थोडा बदल, एवढे पुरते. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर एसएमपीएसही गुणगुणू शकते. तिचा दोष पंपावर टाकू नये.

करकर किंवा घरघर ऐकू आली तर मात्र थांबू नये. बेअरिंग झिजले आहे, पंप बदलावा लागणार. पंप पूर्ण बंद पडला तर प्रोसेसर काही क्षणांत शंभर अंशांजवळ पोहोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो किंवा बंद होतो. अर्धे झालेले काम तिथेच जाते. वॉरंटीतला संच कुरिअरने पाठवून परत येईपर्यंत दिवस जातात. अशा वेळेसाठी साधा पंख्याचा हीटसिंक घरात असावा.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. फिरणारे पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी पन्नाशी सहज ओलांडते, आणि बहुतेक पंपांना ६० अंशांच्या पुढचे पाणी सोसत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत साधा कूलर इथे मोठे काम करतो. खोली जेवढी उतरली तेवढे पाणीही उतरते, आणि पाणी खोलीपेक्षा गरमच असल्याने नळ्यांवर दव धरण्याची भीती नाही. फक्त कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट नको. बोअरच्या पाण्याचे तुषार वाळून क्षार चिकटतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत उडणारी धूळही रेडिएटरच्या पात्यांत जाऊन बसते, म्हणून दिवाळीआधी तो एकदा झाडून घ्यावा. स्वतः भरायचा संच असेल तर त्यात नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही घालू नये. डिस्टिल्ड वॉटर आणि गंज व शेवाळ रोखणारे द्रव्यच वापरावे.

पाण्याने थंड होणारे मोठे संगणक महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ असाच थंड ठेवला जातो. पण तिथे यंत्राच्या खोलीत बसून कुणाला रात्रभर गाण्यांवर दृश्ये जुळवायची नसतात. आपल्याकडे यंत्र आणि माणूस यांच्यात दोन हातांचे अंतर असते, म्हणून आवाजाचा विचार आधीच करायला हवा.

माझे मत स्पष्ट आहे. ज्यांचा प्रोसेसर सव्वाशे वॅटच्या आतबाहेर आहे, त्यांनी नवा संगणक बांधताना दोन पंख्यांचा मोठा हीटसिंकच घ्यावा. त्यात पंपच नसतो, आणि पंखा बिघडला तर तो थोडक्या पैशांत बदलता येतो. ज्यांच्याकडे पाण्याचा संच आधीच आहे, त्यांनी या आठवड्यात झाकण उघडून रेडिएटर पंपाच्या वर आहे की खाली, एवढे तरी पाहून घ्यावे.