बुडी मारणारे मासेमार पक्षी

भीमा नदीवरील उजनीच्या जलाशयाकांठीं सकाळच्या वेळीं उभें राहिलें, कीं पाण्यांतल्या वठलेल्या खोडांवर पंख पसरून बसलेले काळे पक्षी दृष्टीस पडतात. हे पाणकावळे. बदकाच्या पाठीवरून पाणी निथळून जातें. मग जन्मभर पाण्यांत बुडी मारून पोट भरणाऱ्या या पक्ष्यानेंच असें ओलेत्यानें उन्हांत बसावें, हें नवल नव्हे काय? पण या ओलेपणांतच त्याच्या शिकारीचें मर्म आहे.

पक्ष्याचा देह उडण्यासाठीं हलका घडलेला असतो. त्याचीं पुष्कळशीं हाडें पोकळ, शरीरांत वायुकोश, आणि पिसांच्या थरांत कोंडलेली हवा. हवेंत जें वरदान, तेंच पाण्याखालीं विघ्न होतें. पाणी अशा देहाला बुचासारखें वर लोटतें. तेव्हां माशाशीं गांठ पडण्यापूर्वींच पक्ष्याला या लोटण्याशीं झुंजावें लागतें.

पाणकावळ्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो व तेथील हवा निघून जाते. अंगालगतचा भाग बराचसा कोरडा राहून ऊब राखतो. पायाचीं चारही बोटें पडद्यानें जोडलेलीं असल्यामुळें वल्ह्याप्रमाणें पाणी मागें सारीत तो माशाचा पाठलाग करितो आणि आंकडेदार चोंचींत त्याला पकडतो. इवलीशी टिबुकली पिसें अंगाशीं घट्ट दाबून त्यांतील हवा घालविते व जागच्या जागीं दिसेनाशी होते. तिचे पाय शेपटाजवळ असल्यानें पोहण्यास उत्तम. जमिनीवर मात्र ती अडखळते.

तिरंदाजाची तऱ्हा निराळी. त्याचीं पिसें पुरतीं भिजतात, म्हणून पोहतांना सापासारखी मानच काय ती वर दिसते. तो पाण्याखालीं दबा धरून सावकाश पुढें सरकतो. मानेच्या आठव्या मणक्यापाशीं असलेल्या बांकामुळें दुमडलेली मान क्षणांत सुटते आणि भाल्यासारखी चोंच माशाच्या कुशींत शिरते. मग वर येऊन तो मासा उडवितो, झेलतो व डोक्याकडून गिळतो. उलटा गिळल्यास परांचे कांटे घशांत अडकावयाचे.

कवड्या खंड्या पोहत नाहीं. तो हवेंत एके जागीं पंख फडफडवीत थांबतो आणि उंचावरून पडण्याच्या वेगानेंच पाणी भेदतो. प्रकाशकिरण पाण्याबाहेर येतांना वांकतात, त्यामुळें मासा असतो त्याहून वर दिसतो; सूर जितका सरळ खालीं, तितकी ही फसगत कमी. खंड्याच्या निमुळत्या चोंचीचा आकार पाहूनच जपानांत १९९७ सालीं धांवूं लागलेल्या एका अतिवेगवान आगगाडीचें नाक घडविलें गेलें.

या कौशल्याची किंमतहि मोठी आहे. भिजलेला तिरंदाज जड होतो. पंख वाळविण्यास त्याला पाण्यालगतचें निवांत खोड हवें असतें. तें तोडलें, किंवा होड्यांनीं त्याला वारंवार उठविलें, तर त्याची ऊब व शक्ति व्यर्थ जाते. पाण्यांत सोडलेलें बारीक नायलॉनचें जाळें तर माशांसारखेंच बुडणाऱ्या पक्ष्यांनाहि अडकवितें, आणि श्वासासाठीं वर येतां न आल्यानें ते गुदमरून मरतात. म्हणून वठलेलें खोड राखणें आणि फाटकें जाळें पाण्यांत न टाकतां बाहेर काढणें, एवढ्यानेंहि या मासेमारांचें पुष्कळ रक्षण होईल.