कुडाची भिंत

श्रोतेहो, दारूबंदीच्या या जिल्ह्यात इंग्लंडमधील पबवर बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच! परंतु आपणास त्याच्या पेल्यात नव्हे, भिंतीत डोकावयाचे आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ राय नावाचे जुने नगर आहे. तेथील ‘मर्मेड’ ही पांथशाळा 1420 मध्ये पुन्हा उभारली गेली, असे सांगतात. त्या काळच्या अशा घरांची रचना पाहा. आधी ओक लाकडाचा सांगाडा उभा करीत. माळ्याचा आणि छपराचा सारा भार त्याच्यावर. भिंतीने फक्त आडोसा द्यावयाचा. म्हणून दोन खांबांमध्ये लवचीक काटक्यांची वीण घालीत, तिच्यावर दोन्ही बाजूंनी माती, शेण व गवत यांचा काला थापीत आणि वरून चुन्याचा हात देत.

हा तर आपला कुडच! त्यांच्या काटक्यांच्या जागी आपल्या तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या, एवढाच फरक. आणि उत्तम उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावी आले. 1940 मध्ये त्याच गावाचे सेवाग्राम झाले. तेथील आदी निवास व बापू कुटी उभ्या राहिल्या त्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांवर. जवळपास मिळेल तेच वापरावयाचे, हा गांधीजींचा आग्रह होता. कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच झाडे आणि चरखा उठविला.

मातीची भिंत टिकते कशी? इंग्लंडातील जुने कारागीर म्हणत की, घराला चांगली टोपी हवी आणि चांगले जोडे हवेत. टोपी म्हणजे पुढे आलेले छप्पर. जोडे म्हणजे दगडी जोते. तरीही थोडी ओल शिरतेच; पण माती ती शोषून घेते आणि ऊन पडताच सोडून देते. जणू भिंत श्वास घेते.

येथेच आपली चूक होते. घर ‘पक्के’ व्हावे म्हणून आपण या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो. त्याला बारीक तडा जातो, पाणी आत शिरते आणि बाहेर येऊ शकत नाही. आतल्या आत लाकूड कुजते, माती सुटते. वरून मात्र भिंत ठणठणीत दिसते. इंग्लंडनेही विसाव्या शतकात हेच केले. आता तेथे जुन्या घरांवरचे सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावण्यात येतो.

सारवणे हे गरिबीचे लक्षण नव्हे. ती दरवर्षीची दुरुस्ती आहे. आर्वी-हिंगणघाटकडे आपल्या आजोबांचे मातीचे घर उभे असेल, तर सिमेंटचे पोते आणण्यापूर्वी गावातील सारवणाऱ्या हातांना एकदा विचारावे. भिंत पुन्हा बांधता येते. ते हात गेले, तर कोणाला विचारणार?