साथीच्या काळात विद्यार्थ्यांच्या मनावर ताण का येतो? घरच्यांनी काय करायचं?

मार्च २०२०. महाराष्ट्रात दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा बाकी होता. कोरोनामुळे तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षाच रद्द झाल्या. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही, हा वाद तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

म्हणजे आजाराची भीती होतीच, पण विद्यार्थ्यांच्या डोक्यात रोज आणखी एक प्रश्न होता : आता पुढे काय?

अनिश्चिततेचा इतका त्रास का होतो?

परीक्षेची तारीख ठरलेली असली की टेन्शन येतं, पण अभ्यासाचं वेळापत्रक आखता येतं. तारीखच सारखी बदलत राहिली तर तयारी कशाची करायची हेच कळत नाही. मन सतत सावध राहतं, त्यामुळे झोप बिघडते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यात शाळा बंद म्हणजे मित्र, मैदान आणि मोकळेपणाने बोलायला शिक्षक, हे सगळंच बंद. अनेक घरांत एकाच मोबाइलवर दोन भावंडांचे ऑनलाइन वर्ग चालले. कुठे पगार थांबला, कुठे घरातलं माणूस गेलं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०१९ मध्ये १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये हा आकडा १३,०८९ झाला. ही सगळी वाढ साथीमुळेच झाली असं म्हणता येत नाही. पण मुलांच्या मनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, हे यातून नक्की कळतं.

ताण कसा ओळखायचा?

मुलं 'मला ताण आलाय' असं म्हणतीलच असं नाही. चिडचिड, झोप किंवा भूक बदलणं, सारखं डोकं किंवा पोट दुखणं, मित्रांशी बोलणं टाळणं, आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणं, ही लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांशी बोला.

घरी काय करता येईल?

- बाहेरचं काही ठरत नसेल तर घरातलं ठरवा. उठण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ शक्यतो रोज तीच ठेवा.
- बातम्या दिवसातून एकदा-दोनदाच बघा. परीक्षेबद्दल व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी बोर्डाची अधिकृत सूचना तपासा.
- 'परीक्षा कधी?' याचं उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. खोटा दिलासा देऊ नका.
- 'शेजारचा बघ किती अभ्यास करतो' हे वाक्य टाळा. आधी ऐकून घ्या, सल्ला नंतर.
- मित्रांशी फोनवर बोलणं हा वेळेचा अपव्यय समजू नका. शाळा बंद असताना तोच आधार असतो.

मूल 'जगण्यात अर्थ नाही' असं बोललं तर?

ते हसण्यावारी नेऊ नका आणि रागावूही नका. आत्महत्येचे विचार येतात का, हे शांतपणे थेट विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात येतात, हा गैरसमज आहे. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर २४ तास मोफत सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. दोन्ही नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.