विष्णू गोविंद जोग

विष्णू गोविंद जोग (१९२२ – ३१ जानेवारी २००४), अर्थात पंडित व्ही. जी. जोग, हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील ख्यातनाम व्हायोलिनवादक होते. मूळच्या या पाश्चात्त्य वाद्याला हिंदुस्तानी मैफलीत स्वतंत्र वादनाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत गजाननबुवा जोशी यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते.

शिक्षण आणि कारकीर्द

महाराष्ट्रात जन्मलेल्या जोगांना गणपतराव पुरोहित व श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांनी लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे ते आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर निर्माते होते. भारताबाहेरही त्यांच्या अनेक मैफली झाल्या. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ध्वनिमुद्रित असून विशेष लोकप्रिय आहेत.

वादनशैली

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. तारेवर बोट सरकवून मींड अखंड घेता येते आणि गजामुळे स्वर हवा तितका वेळ टिकतो. गळ्याशी असलेल्या या जवळिकीमुळेच ते दीर्घकाळ प्रामुख्याने साथीचे वाद्य मानले गेले. जोगांनी गायकीला तंतुवाद्यांच्या गतकारीची जोड दिली. गजाच्या तुटक, जलद चालीतून साधलेली लयकारी, तिहाया आणि तबलावादकाशी रंगणारा लयीचा संवाद ही त्यांच्या वादनाची वैशिष्ट्ये होत. त्यामुळे केवळ गायनाचे अनुकरण न करता व्हायोलिन स्वतःच्या बळावर मैफल रंगवू शकते, हे सिद्ध झाले.

सन्मान

- संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८०)
- पद्मभूषण (१९८३)