जुनी स्टेशन वॅगन: मागितलेली किंमत योग्य आहे का?

विक्रेता ‘विंटेज’ म्हणतो म्हणून जादा पैसे देऊ नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. १९९२ मध्ये आलेली टाटा इस्टेट नव्हे. शिवाय विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

आधी आरसीवरील इंजिन व चेसिस क्रमांक गाडीशी जुळवा आणि कर्जाचा बोजा नोंदलेला नाही ना, ते पाहा. मग ओळखीच्या मेकॅनिककडून तळाचा गंज तपासून दुरुस्तीचा खर्च लेखी घ्या. समजा, मागणी ३ लाख आणि दुरुस्ती १ लाख; म्हणजे गाडी ४ लाखांना पडली. तशीच सुस्थितीतील गाडी साडेतीन लाखांत मिळत असेल, तर अडीच लाखांवर जाऊ नका.

त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागणार असेल, तर थांबा.